जुन्या डिस्कवर घरभराचे फोटो: सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातलं घर. तळमजला आणि वर दोन मजले. राहणारी माणसं सात: आजी, बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, मुलगा, सून, डिप्लोमाला असलेला नातू आणि प्राथमिक शाळेतली नात. काकांची मुलगी लग्न होऊन पुण्यात. मुलगा माझा शाळासोबती, त्यामुळे या घरात माझं येणं-जाणं लहानपणापासूनचं. मी एका शाळेत संगणक शिकवतो. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. या घरात पाणी तळमजल्यावरच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत चढलं, आणि फोटोंचे सगळे अल्बम नेमके त्याच कपाटात होते. पाणी उतरल्यावर काकूंनी जे फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्याच्या परातीत सोडवून घेतले, ते वाचले. जे अल्बम 'आधी घर धुऊया, मग बघू' म्हणून तसेच वाळू दिले, त्यांची पानं एकमेकांना अशी चिकटली की पुन्हा सुटलीच नाहीत. गच्चीवर दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो वाळत घातलेले मी स्वतः पाहिले आहेत. साधारण अठराशे फोटो हाती लागले.

पुढच्या वर्षी, लॉकडाउनमध्ये, काकांनी ते सगळे स्कॅन केले. सहाशे डीपीआयला, टिफ स्वरूपात. चार बाय सहा इंचाचा एक फोटो साधारण २६ एमबीचा होतो. अठराशेंचे सुमारे ४७ जीबी झाले. शिवाय लग्नकार्यांच्या सहा मिनी-डीव्ही टेप संगणकावर उतरवल्या होत्या, तासाला १३ जीबी या हिशेबाने ७८ जीबी. आणि माळ्यावर असल्यामुळे पुरातून वाचलेल्या अकरा कॅसेट. त्यांत आजींच्या सासूबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ते जातं आता घरात नाही, ओव्या म्हणणारं माणूसही नाही.

हे सगळं एका लॅपटॉपमध्ये होतं. तो २०१४ साली घेतलेला. २०२२ मध्ये त्याचा मदरबोर्ड गेला. एक टीबीची डिस्क काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून काकांनी टेबलाच्या खणात ठेवली.

अडचण

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या साफसफाईत, आजींनी विचारलं, "त्या ओव्या लावता येतील का रे?" आणि कुणालाच सापडेनात. काकांकडे सात पेन ड्राइव्ह होते. एकावर अर्ध्या कॅसेट, दुसऱ्यावर त्याच कॅसेट पुन्हा पण वेगळ्या नावाने. मुलाच्या फोनमध्ये नातीचे फोटो, सुनेच्या फोनमध्ये तिचे व्हिडिओ, फोन भरला की काहीतरी पुसायचं. पहिल्या मजल्यावरच्या टीव्हीवर काही बघायचं तर पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढायचा.

नातवाने खणातली डिस्क काढली आणि म्हणाला, ही राउटरला लावूया, म्हणजे सगळ्यांना सगळं दिसेल. मला बोलावणं आलं ते यासाठी.

मी गेलो तेव्हा घरात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. 'सगळ्यांना दिसावं' हा एक आणि 'पुन्हा कधी जाऊ नये' हा दुसरा. सगळ्यांना वाटत होतं की पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल. मलाही त्या दिवशी हे वेगळं काढून सांगणं सुचलं नाही, आणि या प्रकरणात पुढे जे नुकसान झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपं म्हणजे डिस्क केसिंगमध्ये घालून थेट टीव्हीच्या यूएसबीला लावणं. चाललंही असतं. पण फोनवर काही दिसलं नसतं. शिवाय काही टीव्ही यूएसबीला डिस्क दिसली की कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी ती फॉरमॅट करू का म्हणून विचारतात. रिमोट नातीच्या हातात असताना 'होय' दाबलं गेलं असतं तर संपलंच. हा पर्याय काकूंनीच रद्द केला.

दुसरा, नातवाचा: राउटर. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या राउटरला यूएसबी २ चा एक पोर्ट होता. लावून पाहिलं. डिस्कचा दिवा लागला, आतून टिक-टिक असा आवाज आला आणि बंद. यूएसबी २ चा पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअर देतो. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना साधारण एक अँपिअरपर्यंत मागते. डिस्क बिघडल्यासारखा आवाज आला, तरी ती उपाशी होती इतकंच. वेगळा वीजपुरवठा असलेला हब लावल्यावर ती चालू झाली. मग दुसरी अडचण: काकांच्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर ती उघडेना. हा राउटर फक्त एसएमबी १ या जुन्या पद्धतीने फाइली वाटत होता आणि विंडोज १० ने ती पद्धत २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून मुळातच घालणं बंद केलं आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करता येते. नातवाला ते माहीतही होतं. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या फटीतून. काकांची बँकेची कामं ज्या लॅपटॉपवर चालतात त्याची अशी खिडकी उघडून ठेवायला मी तयार नव्हतो. इथे मी हट्ट धरला. आजही तोच धरेन.

घरात एक जुना डेस्कटॉपही होता. चोवीस तास चालू ठेवायचा तर ६० वॅटच्या हिशेबाने महिन्याला ४३ युनिट. नको.

दोन डिस्कांचं तयार नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली वाटणारी पेटी मिळते, घरासाठी तेच सगळ्यात निर्धास्त. डिस्कांसकट तीस हजारांच्या आसपास जात होतं आणि घरात त्या वर्षी आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. क्लाउडचाही विचार झाला. गूगलवर १५ जीबी फुकट, फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद. पैसे भरून जागा घेता आली असती, पण काकांना दरमहा भाड्याची कल्पनाच पटेना: "मी गेल्यावर कोण भरणार? आणि नाही भरलं तर?" मला हा प्रश्न रास्त वाटला.

राहिलं ते नातवाचं रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसतं 'पाय'), एका पट्टीवरचा छोटा संगणक, दोन जीबी मेमरीचा. प्रोजेक्टसाठी घेतलेलं, पडून होतं. डिस्कसकट सहा-सात वॅट, म्हणजे महिन्याला पाचेक युनिट. इन्व्हर्टरवर आरामात चालणारं. तेच ठरलं.

डिस्कची तपासणी

नातवाला लगेच सगळं जोडायचं होतं. मी एकच अट घातली: आधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवायचं, मग तिला हात लावायचा. दोन टीबीची नवी बाहेरची डिस्क घेतली. या सगळ्या उद्योगात खरा खर्च हाच. रात्री कॉपी लावली, सकाळी झाली. एकही फाइल अडली नाही.

मग डिस्कची स्वतःची नोंदवही वाचली. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीचे आकडे स्वतःच टिपून ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएलने ते दिसतात. त्यातल्या चार-पाच ओळींवरच माझा भरवसा असतो. क्रमांकाने नववी ओळ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली: वीस हजारांच्या थोडी वर. पाचवी, म्हणजे खराब झाल्यामुळे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे): ८. एकशे सत्त्याण्णवावी, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचे राहिलेले सेक्टर: ०. एकशे अठ्ठ्याण्णवावी, दुरुस्त न होणारे: ०. नंतर लांबलचक तपासणी लावली, ती साडेतीन तासांनी विनातक्रार पार पडली.

निर्णयाचा पहिला खरा क्षण हा. आठ बदललेले सेक्टर म्हणजे डिस्क मेली असं नाही. ते आठवर थांबतील किंवा वाढत जातील, त्याच दिवशी कुणी सांगू शकत नाही. मी म्हणालो, सिनेमे आणि गाणी हिच्यावर ठेवा, फोटो आणि ओव्या बघण्यापुरती एक प्रत ठेवा, पण मूळ म्हणून हिच्यावर काहीच ठेवू नका.

"चालतीय की चांगली," काका म्हणाले. "आठ वर्षं वापरली, एक फाइल गेली नाही."

मी मान डोलावली आणि विषय सोडला. मूळ प्रती नव्या डिस्कवर होत्या, त्यामुळे मला निश्चिंत वाटलं. फोनवरून रोज नव्याने येणाऱ्या गोष्टींचं काय, हे मी विचारलंच नाही.

मांडणी

पहिला वाद जागेवरून. राउटर तळमजल्यावर, दाराशेजारी. पाय तिथेच ठेवलं तर दोन फुटांच्या वायरीत काम. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खाली काहीही ठेवायचं नाही. एकवीस साली पण पाणी आलंय." सगळे गप्प झाले. शेवटी जिन्याच्या कडेने नेटवर्कची वायर दुसऱ्या मजल्यावर नेली आणि डिस्क भिंतीतल्या उघड्या कोनाड्यात ठेवली, हवा खेळेल अशी. वायरीचा फायदा वेगातही झाला, पण तो दुय्यम.

दुसरा निर्णय फॉरमॅटचा. डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. तशीच ठेवली असती तर काकांना कधीही उपसून लॅपटॉपला लावता आली असती. पण पायवर चालणाऱ्या लिनक्सवर एनटीएफएस चालत असली तरी वीज अचानक गेली की ती बऱ्याचदा 'फक्त वाचा' अशी अडून बसते, आणि ती नीट करायला विंडोजचा संगणक लागतो. सांगलीत वळवाच्या दिवसांत वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. म्हणून वाटपाची डिस्क ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीची केली आणि मूळ प्रतींची नवी डिस्क मुद्दाम एनटीएफएसच ठेवली. उद्या नातू नोकरीला बाहेरगावी असला, पाय बंद पडलं, तरी काकांना ती कुठल्याही संगणकाला लावून फोटो दिसले पाहिजेत.

बाकीचं पटकन झालं. नेटवर्कवर फाइली वाटणारं सांबा बसवलं, घरातल्या सगळ्यांसाठी फक्त बघण्याचं एक खातं आणि मुलगा, सून, नातू यांच्यासाठी लिहिण्याचं वेगळं, म्हणजे फोनमधल्या नव्या गोष्टीही डिस्कवर पाठवता येतील. टीव्हीला फोटो-व्हिडिओ दाखवण्यासाठी मिनिडीएलएनए. त्याच कामाचं जेलीफिन दिसायला जास्त देखणं आहे, पण दोन जीबीच्या पायवर चालू व्हिडिओचं रूपांतर करायला लागलं की ते दमतं. म्हणून लग्नाच्या टेपच्या फाइली आधीच लॅपटॉपवर एच.२६४ या व्हिडिओच्या स्वरूपात करून घेतल्या आणि मूळ फाइली तशाच जपल्या. फोनवर बघायला व्हीएलसी हे ॲप. पुण्याहून मुलीलाही बघायचं होतं. त्यासाठी राउटरवर बाहेरून वाट उघडायची नाही हे ठरलं. तिच्याकडे दुसरी डिस्कच पाठवायची.

नावांचा प्रश्न

नव्या डिस्कवरून फोटो परत ईएक्सटी४ वर टाकताना मधेच चूक आली: नाव फार लांब. एक नाही, त्रेचाळीस फाइलींना. मी आधी गोंधळलो, कारण हीच नावं त्याच डिस्कवर वर्षानुवर्षं होती.

काकांनी स्कॅन करताना प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावं फाइलीच्या नावातच घातली होती. एक नमुना असा होता: 'मे १९८७ धाकट्या बहिणीचे लग्न हरिपूर डावीकडून आत्या मोठे मामा मामी शेजारचे वकील त्यांची मुलगी मागे उभे पंगतीतले वाढपी'. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची. ईएक्सटी४ मध्ये ती २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीत नावं देणाऱ्यांना फरक कळत नाही. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. 'लग्न' या दोन अक्षरांत ल, ग, हलन्त आणि न अशी चार चिन्हं, बारा बाइट. म्हणजे २५५ बाइटमध्ये जेमतेम ८५ चिन्हं बसतात. वरचं नाव तीनशे बाइटच्या पुढे जात होतं.

सोपा उपाय म्हणजे नावं छाटणं. नातवाने एक छोटा प्रोग्रॅम लिहूनही ठेवला होता, ऐंशीव्या चिन्हावर कापणारा. मी ते थांबवलं, आणि या प्रकरणात मी केलेली सगळ्यात बरी गोष्ट तीच असं मला वाटतं. त्या नावात काकांची दोन वर्षांची मेहनत होती. आत्या, मोठे मामा यांना ओळखणारी माणसं घरात आता दोनच, आजी आणि काका. फोटो राहिला आणि 'डावीकडून' नंतरचं गेलं तर उरतं काय?

आम्ही डिजिकॅम हा फोटो लावण्याचा प्रोग्रॅम वापरून प्रत्येक फोटोची एक जेपीजी प्रत केली, काकांचं पूर्ण वाक्य त्या फोटोच्या आत मथळा म्हणून घातलं आणि फाइलीचं नाव आखूड केलं: '१९८७-०५ लग्न ०१४'. मथळा फोटोसोबत फिरतो, फाइल कुठेही नेली तरी. टिफ फाइलींना हात लावला नाही. त्यांच्या शेजारी सगळी जुनी नावं आणि नवे क्रमांक यांची साधी मजकूर-यादी ठेवली. काका तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून ताडून बघत होते. आधी रागावले होते, नंतर त्यांनाच त्यात आणखी नावं सुचायला लागली. वाढप्यांपैकी एकाचं नाव आजींना आठवलं.

टीव्हीवर देवनागरी फोल्डरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, ते मात्र सुटलं नाही. त्या टीव्हीत तो फॉन्टच नाही. टीव्हीला दिसणाऱ्या फोल्डरांना क्रमांक दिले आणि क्रमांकांची चिठ्ठी रिमोटच्या मागे चिकटवली. ओव्या ३ वर.

वळवाची दुपार

मे २०२४. दुपारी वादळ, वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आधीच उतरलेली होती. सगळं बंद पडलं, तासाभराने परत सुरू झालं. संध्याकाळी टीव्ही लावला तर सगळी फोल्डरं रिकामी. काकूंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज मला २०१९ ची आठवण करून देणारा होता.

काहीच गेलं नव्हतं. पाय डिस्कच्या आधी जागं झालं, डिस्क त्या वेळी हजर नव्हती, म्हणून ती जोडलीच गेली नाही. डिस्क नसली तरी यंत्र सुरू व्हावं अशी सोय मीच करून ठेवली होती, आणि ती आवश्यकच आहे, नाहीतर पाय सुरूच होत नाही. पण जिथे डिस्क जोडली जाते ते रिकामं फोल्डर मात्र पायच्या मेमरी कार्डावर तसंच उघडं होतं. सुनेचा फोन त्याच संध्याकाळी आपोआप व्हिडिओ पाठवत होता, ते सगळे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर साठत गेले. कार्ड भरलं. डिस्क पुन्हा जोडली की ती त्या फोल्डरावर येऊन बसते आणि खालचे व्हिडिओ झाकले जातात. दिसत नाहीत, पण असतात.

डिस्क सोडवून ते व्हिडिओ काढले, डिस्क परत जोडली. मग त्या रिकाम्या फोल्डराला असं कुलूप घातलं की डिस्क जोडलेली नसेल तर तिथे कुणालाच काही लिहिता येऊ नये. फोनला सरळ 'जमलं नाही' असं उत्तर मिळावं. हे पहिल्या दिवशी करायला दोन मिनिटं लागली असती.

डिस्क थकली तेव्हा

दर रविवारी पाय डिस्कचे आकडे वाचून नातवाला संदेश पाठवी आणि फोनवरून आलेल्या गोष्टींची मूळ डिस्कवर प्रत होई. त्यासाठी कुणीतरी मूळ डिस्क कपाटातून काढून लावायची. ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या गडबडीत, हे तीन रविवार झालं नाही. चौथ्या रविवारी एकशे सत्त्याण्णवाव्या ओळीत शून्याच्या जागी २४ आले. दोन दिवसांनी ५६.

त्या क्षणी डिस्कवर लिहिणं बंद केलं. हा निर्णय लगेच झाला, कारण तो आकडा दिसला की काय करायचं ते नातवाशी आधीच बोलून ठेवलं होतं. फोटो, टेप, ओव्या यांची काळजी नव्हती. एक प्रत कपाटात, एक पुण्यात.

प्रश्न त्या तीन आठवड्यांचा होता. सुनेने फोनवर 'पाठवलं' असं दिसलं की व्हिडिओ पुसून जागा करायची सवय लावून घेतली होती. तिची चूक नाही. घरात सगळ्यांचं म्हणणंच होतं की डिस्कवर गेलं म्हणजे सुरक्षित झालं. नागपंचमीचे, नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमाचे व्हिडिओ फक्त त्या थकलेल्या डिस्कवर होते. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आख्खी डिस्क सेक्टरनिहाय नव्या डिस्कवर उतरवली. आधी सहज वाचता येणारं सगळं घ्यायचं, अडणारे तुकडे शेवटी पुन्हा पुन्हा विचारायचे, अशी त्याची रीत. एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस लागला. अकरा फाइली अडलेल्या होत्या. आठ पूर्ण मिळाल्या. तीन अर्धवट. त्यातल्या एकीत आजी फेराच्या गाण्याची दुसरी ओळ सुरू करतात आणि चित्र गोठतं.

निष्पत्ती

गणपतीच्या आधी कोनाड्यात नवी डिस्क बसली. जुनी पुसून नातवाला दिली. त्याने ती उघडली आणि चकती बघितली. दहा महिने तिने घराला जे दिलं ते थोडं नाही. त्या काळात घरात फोटो जितके बघितले गेले तितके अल्बम असतानाही बघितले गेले नव्हते, हे काकूंचं वाक्य आहे. आजी दुपारी जेवणानंतर ३ नंबर लावतात. पहिल्यांदा आठ-दहा सेकंद काही होत नाही, डिस्क झोपेतून उठत असते. सुरुवातीला त्या बिघडलं म्हणून हाका मारायच्या, आता थांबतात.

वेगळं काय करता आलं असतं

जुनी डिस्क वापरली ही चूक होती असं मला आजही वाटत नाही. तिच्या आकड्यांवरून तिला जे काम झेपेल असं दिसत होतं, ते तिने केलं. चूक होती ती फोनवरून येणाऱ्या नव्या गोष्टींची एकमेव प्रत तिच्यावर उतरू देण्यात. आठ बदललेले सेक्टर पाहिल्यावर मी जे बोललो ते काकांशी बोललो. फोनवरून सगळ्यात जास्त लिहिणारी व्यक्ती सून होती, आणि तिच्याशी मी एकदाही बोललो नाही. तंत्राची गोष्ट घरातल्या पुरुषांत होऊन गेली. तिला दोन वाक्यं सांगितली असती तर तिने फोन पुसला नसता; हे तिनेच मला नंतर स्पष्ट सांगितलं.

माणसाने डिस्क काढून लावण्यावर अवलंबून असलेली प्रत सणासुदीत हुकणारच, हेही धरून चालायला हवं होतं. आता फोनवरच्या नव्या गोष्टी रोज रात्री पायवरून काकांच्या लॅपटॉपवर आपोआप जातात आणि कपाटातली डिस्क आठवड्याला लागते. पुण्यातली डिस्क दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत बदलली जाते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीतून.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. आठ सेक्टर दिसले तेव्हाच डिस्क नाकारायला हवी होती, असं मुलाचं म्हणणं. मला वाटतं, नाकारली असती तर त्या वर्षी काहीच झालं नसतं. तीस हजारांची गोष्ट पुढच्या दिवाळीवर गेली असती आणि सात पेन ड्राइव्ह खणातच राहिले असते. काका दोघांचंही ऐकून घेतात आणि म्हणतात की नावं लिहून झाली, ते बरं झालं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारच्या चौकोनात काकूंच्या अक्षरात दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी आता 'डिस्क' असं लिहिलेलं असतं. लावून झाली की सून त्यावर बरोबरची खूण करते.